फोनवरचं गाऱ्हाणं

लाईट यायची तेव्हा येईल, तोवर कोणी मोबाईलचा उजेड माझ्या तोंडावर मारू नका. ओमकार, मघाशी तू काय म्हणालास? ‘नेटवर्काक चाळो लागलो.’ म्हणालास आणि वर हसलास. हसायला माझी हरकत नाही. आमच्याकडे चाळो हा शब्द खोबऱ्यासारखा कशातही पडतो. पोर हट्टाला पेटलं की चाळे. पंप चालू आहे, विहिरीत पाणी आहे आणि नळाला थेंब नाही, की चाळो. शहाणा माणूस एके दिवशी भर बाजारात स्वतःशी बोलत हिंडला, की त्याला चाळो भरला. लांब कातळावर उजेड दिसतो, जवळ गेलं तर काही नाही, तोही चाळो. आणि अमक्या व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, वळणावर, तमक्या झाडाखाली जो कोणी बसलेला असतो, ज्याचं नाव तिन्हीसांजेनंतर घेत नाहीत, त्यालाही चाळोच म्हणतात. असलेल्याला आणि नसलेल्याला एकच शब्द. म्हणून म्हणतो, तोंडातून काढताना जरा बघून काढा.

देवेशच्या घरात हा शब्द आता कोणी उच्चारत नाही. का ते सांगतो. अक्षया, मध्येच उठून आत जायचं असेल तर आत्ताच जा, नंतर कोणी सोबत येणार नाही. आणि ही कुठून तरी ऐकलेली गोष्ट नव्हे. देवेश माझ्या पुतण्याच्या वर्गातला, आणि त्याचा बाप सत्यवान माझ्याबरोबर दरवर्षी शिमग्यात नाचलेला माणूस.

तर देवेश हा ओरोसला एका कार्यालयात साहेबांची गाडी चालवतो. घर आपल्या पलीकडच्या गावात, डोंगराच्या पायथ्याला. भाताची थोडी शेती, व्हाळापलीकडच्या उतारावर काजूची बाग. घरात आई सुगंधाबाई, बायको रसिका, चार वर्षांची मुलगी संचिता आणि बाप सत्यवान. धाकटा भाऊ सुशांत मुंबईत एका इमारतीवर वॉचमन. चारचौघांचं असतं तसं घर. फक्त एक गोष्ट चारचौघांसारखी नव्हती, ती म्हणजे सत्यवानाचा आवाज.

गाऱ्हाणं तुम्ही लग्नात ऐकलं असेल. एकाने देवाला सांगायचं, बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. सांगतात खूपजण, पण सत्यवान सांगायचा तेव्हा जेवणाच्या पंगतीत वाढणारी माणसं हातात भांडी धरून थांबायची. खडखडीत, मोठा, आणि शेवटाला किंचित ओला होणारा आवाज. वाडीत कोणाचं नवं घर भरायचं असो की नवी होडी पाण्यात सोडायची असो, सत्यवानाला न्यायला माणूस यायचा. त्या आवाजाचा देवेशला लहानपणापासून कोण अभिमान.

गेल्या वर्षीच्या श्रावणात सत्यवानाच्या अंगावरून वारं गेलं. हात-पाय हळूहळू हलायला लागले, पण जीभ गेली ती गेलीच. तोंडातून ‘आं… आं…’ यापलीकडे काही निघेना. डॉक्टर म्हणाले, सराव करा. संचिता आजोबांसमोर बसून ‘क, ख, ग’ म्हणायची आणि हा एवढा मोठा माणूस तोंड वेडंवाकडं करून तिच्यामागून म्हणायला बघायचा, आणि जमलं नाही की रडायचा. देवेशला ते बघवत नसे. तो उठून गोठ्यात जायचा. चार महिने झाले होते, बापाने त्याला नावाने हाक मारली नव्हती. त्याने मला स्वतः सांगितलं आहे, ‘काका, बाकी काय एक नको होता. एकदा ‘देवेश’ म्हणूक व्हया होता.’

डिसेंबर आला. काजूला मोहर धरायच्या आधी बागेची राखण द्यायची असते. राखण म्हणजे काय, तर बागेचा जो राखणदार, जागेवाला, त्याला वर्षाचा मान. कुठे कोंबडा लागतो, कुठे बाटली लागते. देवेशच्या बागेतला शाकाहारी आहे. दात काढू नका, असतात काही तसे. त्याला नारळ, विडा आणि विडीचं एक बंडल. नारळ तिथे फोडायचा, एक भकल त्याच्या दगडापाशी ठेवायचं, दुसरं घरी आणून घरातल्या प्रत्येकाने खायचं. त्याने त्याचं घेतलं, आपण आपलं खाल्लं, म्हणजे देणं-घेणं पक्कं झालं. त्यानंतर वर्षभर कोणी शब्द फिरवायचा नाही.

हे काम दोघांचं. सत्यवान गाऱ्हाणं घालायचा आणि देवेश ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचा. एकट्याने घालत नाहीत. व्हय म्हणणारा नसेल तर गाऱ्हाणं लोंबकळत राहतं, आणि लोंबकळणाऱ्या गोष्टीला कोणीही येऊन धरतं, असं आमची जुनी माणसं म्हणत. आणि दुसऱ्या घरचा माणूस नेला तर निम्मी राखण त्याच्या घरी जाते. म्हणजे शेजारचा बाबली सोबतीला यायला तयार होता, तरी उपयोग नाही.

गेल्या डिसेंबरची तीस तारीख. दोन हजार चोवीस साल, सोमवार आणि अमावस्या एकाच दिवशी. देवेशने साहेबांना विचारलं, ‘सर, आज थोडं लवकर निघू का? घरी कार्यक्रम आहे.’ साहेब जा म्हणाले. येताना त्याने कसालच्या बाजारात पान-सुपारी आणि विडी घेतली, घरी येऊन आंघोळ केली, पिशवीत नारळ आणि कोयती घातली. सुगंधाबाई चुलीपाशी होत्या.

‘आये, मी सुशांताक फोन लावतलंय,’ तो म्हणाला. ‘मी हयसर गाऱ्हाणा घालतंय, तो थंयसून व्हय म्हाराजा म्हणतलो.’

‘फोनार खंय गाऱ्हाणा घालतत काय रे?’

‘लोक फोनार लगीन बघतत. सत्यनारायण करतत.’

‘सत्यनारायण वायलो. ह्यो वायलो.’

‘सुशांत घरचो नाय? मगे? बापाशीक उचलून न्हेवक तर जमाचा नाय. राखण चुकवची काय?’

सुगंधाबाईंनी चुलीत लाकूड सारलं. राखण चुकवायची हिंमत त्यांनाही नव्हती. पण आतल्या खाटेवरून सत्यवानाने डावा हात वर केला. ‘आं… आं…’ करून जोरजोरात मान हलवायला लागला. देवेशला वाटलं, यायचं म्हणतायत. त्याने बापाच्या अंगावरची गोधडी नीट केली आणि म्हणाला, ‘तुमी पडान ऱ्हवा. मी तुमच्यासाठीच मागान घेतंय.’ आणि निघाला.

घरातून व्हाळावरच्या साकवापर्यंत पाच-सात मिनिटं, साकव ओलांडून उतार चढायचा. बागेच्या वरच्या टोकाला किंजळाचं एक जुनं झाड आहे, त्याच्या बुडाला गुडघाभर उंचीचा काळा दगड. तिथे फोनला रेंजच्या दोन काड्या मिळतात, हे त्याला ठाऊक होतं. काजूच्या वाळल्या पानांवर पाय पडला की मोठा आवाज होतो. त्याला तो आवाज बरा वाटला. सोबत असल्यासारखा.

पोचला तेव्हा साडेसहा वाजून गेले होते. सूर्य बुडालेला, समुद्राच्या अंगाला थोडी तांबूस रेघ शिल्लक. त्याने दगड पाण्याने धुतला, हळद-पिंजर लावली, उदबत्ती पेटवली, विडा मांडला. बॅटरी झाडाच्या मुळाला टेकवून ठेवली. मग सुशांतला फोन लावला आणि स्पीकर चालू करून फोन शेजारच्या सपाट दगडावर ठेवला.

सुशांत त्याच्या केबिनमध्ये होता. मागे गाड्यांचे हॉर्न, कोणाचा तरी टीव्ही, लिफ्टचं दार उघडं राहिल्याचं ते पिंगपिंग.

‘दादा, मी डबो खावक बसलंय हां. तू सुरू कर. तू थांबलंस काय मी म्हणतंय.’

‘हात धुलंस?’

‘धुलंय रे. तू सुरू कर.’

देवेशने हात जोडले. बापासारखा आवाज त्याला नाही, त्याला ते माहीत होतं. तरी बापाचे शब्द पाठ होते.

‘बा म्हाराजा, जागेवाल्या, राखणदारा… आज अमाशेच्या दिवसाक तुझी लेकरां तुका नारळ-विड्याचो मान देतत, तो गोड मानून घे रे म्हाराजा…’

‘व्हय म्हाराजा,’ फोनमधून सुशांत म्हणाला. तोंडात घास होता.

‘वर्सभर बागेची, गुराढोरांची, पोराबाळांची राखण केलंस, तशीच फुडे कर रे म्हाराजा…’

‘व्हय म्हाराजा.’

‘कायेक चुकला-माकला असात तर पोटात घाल रे म्हाराजा…’

‘व्हय म्हाराजा.’

आता पुढचं पाठ नव्हतं. पुढचं त्याचं स्वतःचं होतं.

‘आणि म्हाराजा… ज्येणां इतकी वर्सां तुझ्यासमोर उभ्या ऱ्हवान तुका हाक मारल्यान, त्या माझ्या बापाशीची वाचा गेली हा. ती तेका परत दी रे म्हाराजा. तुका काय व्हया ता सांग. पण ती परत दी…’

‘व्हय म्हाराजा.’

तुम्ही शिकलेली पोरं, तुमच्या लक्षात आलं का काय झालं ते? नाही ना. त्याच्याही नाही आलं. सत्यवानाने आयुष्यात कधी ‘तुका काय व्हया ता सांग’ असं गाऱ्हाण्यात म्हटलं नव्हतं. देताना आपण काय देतो ते आपण ठरवायचं. समोरच्याला विचारायचं नसतं.

देवेशने नारळ फोडला. एका घावात सरळ दोन भकलं झाली. त्याला बरं वाटलं. एक दगडापाशी विड्यावर ठेवलं, दुसरं पिशवीत टाकलं. विडी ठेवली. वाकून नमस्कार केला.

‘झाला रे सुशांत,’ तो म्हणाला. ‘ठेव आता. जेव.’

फोन थोडा वेळ गप्प होता. मग सुशांत म्हणाला,

‘व्हय म्हाराजा.’

देवेश हसला. ‘अरे झाला म्हणतंय. सपला.’

एखादं लांब वाक्य म्हणायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ काही नाही. आणि मग,

‘व्हय म्हाराजा.’

देवेशने फोनकडे बघितलं. पडद्यावर सुशांतचं नाव. फोन चालू. आवाजही सुशांतचाच, घास चावत चावत आलेला.

‘सुशांत? आयकतंस मां?’

…

‘व्हय म्हाराजा.’

मग त्याच्या ध्यानात आलं. मागचा टीव्ही ऐकू येत नव्हता. हॉर्न नव्हते. लिफ्ट नव्हती. फोनमध्ये नुसती शांतता होती, आणि त्या शांततेत ठरावीक वेळाने सुशांत होकार देत होता. ठरावीक वेळाने. वाक्य संपल्यावर देतात तसा.

वाक्य कोण म्हणत होतं?

त्याने श्वास धरला. कान दिले.

वारा नव्हता. काजूचं पान हलत नव्हतं. रातकिडे… रातकिडेसुद्धा थांबलेले.

…

‘व्हय म्हाराजा.’

‘सुशांत!’

…

‘व्हय म्हाराजा.’

बॅटरीचा उजेड दगडावर होता. दगड होता. उदबत्ती होती. धूर सरळ वर जात होता. विडा होता. आणि त्याने मान वर करून बॅटरीच्या पलीकडे बघायचं धाडस केलं नाही. मला म्हणाला, ‘काका, दिसला काय नाय. पण कोणतरी उभ्यान बोलता, तेव्हा आपणाक कळता मां? तसा कळत होता.’

…

आता मधला वेळ जास्त होता. मागणं लांबलं होतं.

…

‘व्हय म्हाराजा,’ सुशांत म्हणाला. जरा दमून. कंटाळून.

देवेशने हात पुढे केला. हात दगडाच्या जवळून न्यावा लागणार होता. त्याने डोळे मिटले, फोन उचलला आणि तांबडं बटण दाबलं.

रातकिडे एकदम सुरू झाले.

त्याने बॅटरी घेतली, पिशवी घेतली आणि चालायला लागला. धावला नाही. मागे वळून बघायचं नाही आणि धावायचं नाही, हे आपल्याकडे पोरांना चालायच्या आधी शिकवतात. उतार निम्मा झाला असेल नसेल, हातातला फोन वाजला. सुशांत. मागे टीव्ही, हॉर्न, सगळं.

‘दादा, कापलंस कित्याक? गाऱ्हाणा अर्धा ऱ्हवला मां.’

‘माझा कवाच सपलला.’

‘चेष्टा करतंस काय? तू बोलत होतंस.’

देवेशच्या पायाखालची पानंही वाजायची थांबली. तो उभा राहिला होता. ‘काय बोलत होतंय मी?’

‘आता ता माका काय ठावक?’ सुशांत म्हणाला. ‘व्हय म्हाराजा म्हणणारो कधी आयकता काय? तू थांबलंस काय म्हणायचा, इतक्याच ध्यानात होता.’ मग जरा थांबून, कौतुकाने, ‘पण दादा, आवाज बरो लागललो हां तुझो. शेवटाक तर माका बाबाच उभे ऱ्हवल्यासारखे वाटले. अगदी पयले बोलीत तसे.’

देवेशने फोन खिशात घातला. आता मात्र तो धावला.

घरी आला तेव्हा ओटीवर दिवा होता, संचिता खेळत होती, सगळं नेहमीसारखं. त्याचा जीव भांड्यात पडला. सुगंधाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, ‘खंय गेललंस रे परत? पाय धुवक इतको येळ?’

‘परत म्हणजे?’

‘मघाशी येवन पायरेर नारळ ठेवलंस तो? विडो बी ठेवललंस. मी म्हटलंय, पाय धुवन भितर येतलो.’

‘आये… मी आत्ता येतंय.’

सुगंधाबाईंनी त्याच्याकडे बघितलं. त्यांच्या हातात विळी होती. विळीपाशी नारळाची एक करटी पालथी पडलेली होती, स्वच्छ, खरवडून काढलेली. ‘मी सगळ्यांका प्रसाद दिलंय,’ त्या म्हणाल्या. आवाज हळू होत गेला. ‘रसिकान खाल्ल्यान. संचितान खाल्ल्यान. तुझ्या बापाशीक चावूक येना म्हणान गुळाबरोबर किसून… मी बी…’

देवेशने पिशवीतून त्याचं भकल काढलं. खोबरं तसंच, आत थोडं पाणी सांडलेलं. त्याने खाली बसून आईसमोरची करटी उचलली आणि आपल्या भकलाला लावली. कोयतीचा घाव एका ठिकाणी जरा तिरका गेला होता, तिथे एक दात आला होता. तो दात समोरच्या खाचेत जाऊन बसला. एकच नारळ. दगडापाशी त्याने आपल्या हाताने ठेवलेला अर्धा भाग त्याच्या आधी घरी आला होता, आणि घराने तो खाल्ला होता.

आपला मान आपण त्याला द्यायचा असतो. इथे त्याने दिला होता. त्याने मागितलं, सुशांतने व्हय म्हटलं, आणि घरच्यांनी खाऊन पक्कं केलं.

रसिका दाराशी येऊन उभी राहिली होती. संचिता तिच्या पायाला चिकटली. चुलीवरचा भात उतू गेला, तो कोणी उतरवला नाही. आणि तेव्हा आतल्या खोलीतून हाक आली.

‘देवेश.’

खडखडीत. शेवटाला किंचित ओला.

पोरांनो, त्या क्षणी आनंद झाला की भीती वाटली, असं मी त्याला विचारलं होतं. तो म्हणाला, दोन्ही एकदम झालं, आणि कुठलं पहिलं ते आजही सांगता येत नाही. तो आत धावला. बापाच्या छातीवर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडला. सत्यवानाने चांगल्या हाताने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. सुगंधाबाई खाटेच्या कडेला बसून पदराने डोळे पुसत होत्या. चार महिन्यांनी त्या घरात तो आवाज ऐकू आला होता.

मग सत्यवान म्हणाला, ‘गाऱ्हाणा कोणी घातल्यान?’

‘मी घातलंय, बाबा.’

‘आणि व्हय कोण म्हणलो?’

‘सुशांत.’

सत्यवानाने डोळे मिटून घेतले. ‘तेका विचार,’ तो म्हणाला, ‘कशाक व्हय म्हणलो.’

विचारलं. त्याच रात्री विचारलं, दुसऱ्या दिवशी विचारलं, शिमग्याला सुशांत गावी आला तेव्हा समोर बसवून विचारलं. सुशांत बिचारा डोकं धरून बसायचा. त्याला एकच शब्द आठवला, आणि तोही खात्रीने नाही. ‘घर’. शेवटच्या मागण्यात कुठेतरी ‘घर’ होतं. पुढचं-मागचं काही नाही.

बाबलीला कळलं तेव्हा तो ओटीवर बसून म्हणाला, ‘चाळो रे, दुसरा काय. चाळ्याचे खेळ. सोडून दी.’ सत्यवान आतून एवढ्याने ओरडला की बाबलीच्या हातातला चहा सांडला. ‘तेका चाळो म्हणा नको माझ्या घरात. आयकता तो.’ त्या दिवसापासून त्या घरात तो शब्द बंद झाला.

देवळात कौल लावला. कौल मिळेना. पुन्हा लावला. शेवटी जे कौल बघतात, त्यांनी तांदूळ बाजूला सारले आणि म्हणाले, ‘व्हय तुमीच म्हटलास. प्रसाद तुमीच खाल्लास. आता देव मधी कसो पडतलो?’

आणि मग वाट बघणं सुरू झालं. काय दिलंय ते माहीत नाही, कधी नेणार ते माहीत नाही. गाय एक दिवस चरली नाही, की सगळ्यांची तोंडं पांढरी. रसिकाला ताप आला, की देवेश रात्रभर तिच्या उशाशी. त्याच्या मनाने एक घेतलं होतं, की एक वाचा दिली तर एक वाचा नेणार. म्हणून रोज सकाळी संचिताने डोळे उघडले की हा तिला विचारायचा, ‘तुझा नाव काय गो?’ तिने ‘संचिता’ म्हटलं की मगच तो कामावर जायचा. पोर कंटाळली. एके दिवशी गंमत म्हणून गप्प बसली. देवेशने तिला एवढं हलवलं की ती घाबरून रडायला लागली, आणि रडता रडता नाव सांगितलं. नंतर तो स्वतःच गोठ्यात जाऊन रडला.

पण कोणाला काही झालं नाही. गाय नीट, पोर नीट, रसिका नीट. काजू यंदा एवढा धरला की माणसं लावून वेचावा लागला. सत्यवान खाटेवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याशी गप्पा मारतो. मीही जाऊन आलो. आवाज तोच, शब्दनशब्द स्पष्ट. मागच्या शिमग्याच्या आठवणी काढून आम्ही दोघे हसलो. फक्त तिन्हीसांज झाली की तो बोलायचा थांबतो. वाक्य अर्धं असलं तरी थांबतो. आणि तोंड दाराकडे करून पडून राहतो.

मी उठलो तेव्हा देवेश मला पोचवायला अंगणात आला. म्हणाला, ‘काका, एक दाखवतंय. कोणाक सांगू नकात.’ आता मी तुम्हाला सांगतोय, ते सोडा.

त्या घरातून बागेत जायचं तर साकवावरून वळसा. कोणीही माणूस, कोणतंही जनावर, त्याच वाटेने जातं. सरळ जायला मध्ये खोल व्हाळ आहे, काटेरी जाळी आहे. देवेशने बोट केलं तिकडे मी पाहिलं. या पावसाळ्यात सगळीकडे गवत माणसाच्या कमरेला लागलं होतं. त्यात एक वाट होती. हातभर रुंद. किंजळाच्या बुडापासून निघालेली, सरळ. व्हाळाच्या त्या काठाला येऊन थांबलेली आणि या काठावरून पुन्हा सुरू झालेली, तीही सरळ. तिच्यावर एक पातं नाही. चालून चालून होते तशी तुळतुळीत, दाबलेली माती. होळीला ती व्हाळापलीकडे होती, देवेश म्हणाला. मिरगात अलीकडे आली. गणपतीत तुळशीपर्यंत.

मी गेलो तेव्हा ती पायरीला लागली होती.

तेवढ्यात दिवेलागण झाली. आत सत्यवानाचं बोलणं तुटलं. सुगंधाबाई बाहेर आल्या, वाकल्या, आणि पायरीवर सगळ्यांच्या चपला होत्या त्या एकेक उचलून बाजूला भिंतीकडेला लावल्या. पायरी मोकळी केली. मी विचारलं, ‘कित्याक गो सुगंधा?’ माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, ‘काळोखात कोण येयत-जायत, पायात येवक नको.’

आणि दार तसंच उघडं ठेवून आत गेल्या.